न्यूट्रिशनच्या एमएस्सीला नंबर लागलाय? मग जायच्या आधी हे वाचा

दरवर्षी जुलै आला की ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलीचा फोन येतोच, ताई फूड अँड न्यूट्रिशनला नंबर लागला, आता सोबत काय नेऊ, होस्टेलचं जेवण कसं असतं, इंग्रजी झेपेल ना. प्रत्येकीला तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची, होम सायन्सची बीएस्सी करून मुंबईला एमएस्सीला आले, दोन वर्षं होस्टेलला काढली, आता हॉस्पिटलमध्ये डायटिशियन आहे आणि आमच्याकडे इंटर्नशिपला येणाऱ्या मुली रोज बघते, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते बहुतेक सगळं अंगावरून गेलेलं आहे.

सगळ्यात आधी एक सांगते कारण ते मला सगळ्यात उशिरा कळलं. या डिपार्टमेंटमध्ये आपण दिवसभर दुसऱ्याच्या ताटाचा हिशोब मांडतो आणि स्वतः मात्र चहा-बिस्किटावर लेक्चरला जाऊन बसतो. आणि मदत असते, खूप असते, पण आपण तोंड उघडल्याशिवाय ती कुणाला द्यायचीय हेच समोरच्याला कळत नाही. म्हणून या दोन वर्षांत दोन कामं सोडायची नाहीत, वेळेवर जेवायचं आणि अडलं की त्याच आठवड्यात विचारायचं.

ॲडमिशन अजून व्हायची असेल तर

महाराष्ट्रात जागा बऱ्याच आहेत. मुंबईत एसएनडीटीचं जुहू कॅम्पसमधलं सर विठ्ठलदास ठाकरसी होम सायन्स कॉलेज, मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन, नागपूरला एलएडी, परभणीला कृषी विद्यापीठाचं कम्युनिटी सायन्स कॉलेज, ज्याला आमच्याकडे अजून सगळे होम सायन्सच म्हणतात. एसएनडीटी म्हणजे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेलं महिला विद्यापीठ. कोर्सचं नाव मात्र दोनदा वाचा. डायटेटिक्स, फूड सायन्स, पब्लिक हेल्थ न्यूट्रिशन, ऐकायला सगळं एकच वाटतं पण एकीचा दिवस वॉर्डात जातो, दुसरीचा लॅबमध्ये आणि तिसरीचा अंगणवाडीत. हॉस्पिटलमध्येच काम करायचं असेल तर इंटर्नशिप कुठे लागते आणि किती दिवसांची असते हे आधी विचारा, आणि ते ऑफिसच्या खिडकीवर विचारण्यापेक्षा शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून विचारा, त्या खरं सांगतात.

पहिला महिना

पूर्ण बाह्यांचा सुती पांढरा एप्रन, दोन घ्या, कारण एक कायम दोरीवर ओला असतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा डिजिटल वजनकाटा घ्या, महाग वाटला तर तिघी मिळून घ्या. मापाचे कप-चमचे, शिवणकामाची नको, न ताणली जाणारी मेजटेप, साधा कॅल्क्युलेटर. पुस्तकं लगेच विकत घेऊ नका, लायब्ररीत बुक बँक असते, पहिल्या आठवड्यातच नाव द्या, नंतर गेलात तर रिकामं कपाट दिसेल.

आणि आयएफसीटी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे आपण जिला एनआयएन म्हणतो तिने, २०१७ ला काढलेले भारतीय पदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते, त्यात ५२८ पदार्थ आहेत आणि दोन वर्षं ते तुमच्या उशाशी राहणार आहेत. त्याबद्दल दोन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्यातली एनर्जी किलोज्यूलमध्ये दिलेली आहे, ज्वारीपुढे १३९८ दिसलं तर ४.१८४ ने भागा, मग आपल्या ओळखीचे ३३४ किलोकॅलरी येतात. आणि आकडे १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागाचे आहेत, तेही बहुतेक कच्च्या पदार्थाचे, म्हणजे ताटातला शिजलेला भात मोजून तोच आकडा कच्च्या तांदळापुढे मांडला तर सगळा हिशोब चुकतो, तांदूळ शिजला की वजनाला अडीच-तीन पट होतो. माझ्या बॅचमध्ये पहिल्या असाइनमेंटला निम्म्या वर्गाची हीच चूक झाली होती, माझीही.

एनआयएनच्या २०२० च्या शिफारशींमध्ये ईएआर, म्हणजे अंदाजे सरासरी गरज, आणि आरडीए, म्हणजे रोज घ्यायचं शिफारस केलेलं प्रमाण, असे दोन आकडे दिसतात, त्यात गोंधळू नका. एका माणसाला आहार लिहून देताना आरडीए बघायचा, एखाद्या गटाचं खाणं पुरेसं आहे का हे तपासताना ईएआर. व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो.

लॅबमध्ये ज्यांच्याशी सगळ्यात आधी ओळख करून घ्यायची ते म्हणजे लॅबचे मामा किंवा मावशी, प्रत्येक डिपार्टमेंटला असतात. मला ब्युरेटची तोटी डाव्या हाताने कशी धरायची ते मामांनीच दाखवलं, मॅडमना विचारायची हिंमत नव्हती तेव्हा. प्रथिनं मोजायच्या जेलडालला सल्फ्युरिक ॲसिड असतं, ते फ्यूम हूडच्या बाहेर कधीही उघडायचं नाही, स्निग्धांश मोजायच्या सॉक्सलेटला पेट्रोलियम ईथर असतं तिथे जवळपास ज्योत नको, ओढणी आणि केस बांधूनच उभं राहायचं. व्हिटॅमिन सी च्या टायट्रेशनला गुलाबी रंग १५ सेकंद टिकला की थांबा, रंग गडद व्हायची वाट बघत बसाल तर रीडिंग जास्तच येणार. रीडिंग चुकीचं आलं तर चुकीचंच लिहा आणि खाली कारण लिहा. सीनियर्सचे जर्नल बघायला मिळतात, जरूर बघा, मांडणी कशी करायची ते कळतं, पण आकडे उतरवू नका, त्यांनी तपासलेला पेरू वेगळा होता आणि तुमचा वेगळा आहे.

माणसाला "काल काय खाल्लं" हे कसं विचारायचं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण पुढची सगळी नोकरी यावर उभी आहे आणि वर्गात याला एखाद-दुसरंच प्रॅक्टिकल मिळतं. चोवीस तासांचा रिकॉल म्हणजे फॉर्म भरणं असं वाटतं, तसं ते नाहीये.

आधी स्वतःच्या घरची भांडी मोजा. पुस्तकात वाटी साधारण १५० मिलीची धरतात, आमच्या घरची आमटीची वाटी मी पाण्याने मोजली तर २२० भरली. आईची एक भाकरी ८० ग्रॅम पिठाची, मेसची चपाती २५ ग्रॅमची. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की काटा सोबत न्या आणि आठ दिवस प्रत्येक भाकरीचा गोळा, भाजीचा डाव, कुटाचा चमचा मोजून लिहून काढा, ही वही पुढे कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडते. महिन्याभरात डोळ्यांना सवय होते आणि ताट बघून अंदाज जवळपास बरोबर येतो.

मग विचारायला बसा. सुरुवात अशी करायची, "मावशी, काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत काय काय तोंडात गेलं, सांगा बरं." आणि गप्प बसायचं. मध्ये बोलायचं नाही, किती वाट्या, किती चमचे हे तेव्हा विचारायचंच नाही, आधी नुसती यादी होऊ द्या. यादी झाली की मग विसरलेलं काढायचं, चहा कितीदा झाला, चहासोबत काही होतं का, शेतावर किंवा कामावर कुणी काही दिलं का, देवळातला प्रसाद, पोराच्या ताटातलं उरलेलं, पान-सुपारी. त्यानंतर वेळ, त्यानंतर माप, आणि माप विचारताना वाटी-चमचे समोर ठेवायचे, हातात द्यायचे. शेवटी सगळं एकदा परत वाचून दाखवायचं, तेव्हा हमखास एखादी गोष्ट आठवते, "अगं हो, रात्री दूध घेतलं होतं."

उपवासाच्या दिवशी नीट कान देऊन ऐका. "काल उपवास होता, काही खाल्लं नाही" म्हणतात आणि विचारत गेलं की साबुदाण्याची खिचडी निघते, वरई, दाण्याची आमटी, बटाट्याचा चिवडा, दोन केळी, म्हणजे कधी कधी रोजच्या दिवसापेक्षा जास्त. ते खोटं बोलत नसतात, आपल्या भाषेत जेवण म्हणजे भाकरी-भात, बाकीचं ते खाणं धरत नाहीत. म्हणून उपवास म्हटलं की "फराळाला काय होतं" असं विचारायचं.

तेल कुणी चमच्यात सांगू शकत नाही. महिन्याला किती लिटरचा डबा आणता आणि घरात जेवणारी माणसं किती हे विचारा. पाच लिटर आणि चार माणसं असतील तर माणशी रोज ४० मिलीच्या वर गेलं, सरळ भागाकार आहे. साखरेचं आणि गुळाचंही असंच करा.

आणि बाईला विचारताना एक प्रश्न कधीच सोडू नका, "सगळ्यांचं झाल्यावर तुम्ही बसलात तेव्हा पातेल्यात काय होतं?" फील्डवर्कला एका घरी मी भाजी-भाकरी लिहून उठले होते, दारात चपला घालता घालता सहज विचारलं तर म्हणाल्या भाजी संपली होती, मग ठेचा घेतला भाकरीसोबत. पहिलं उत्तर हे घरात काय शिजलं त्याचं असतं, तिच्या ताटात काय पडलं त्याचं नसतं. त्या दिवशी मी परत आत जाऊन बसले आणि आधी भरलेले सगळे फॉर्म पुन्हा भरले, चार घरांत परत जावं लागलं, पण गेले.

समोरचा काहीही सांगो, वडापाव तीन खाल्ले सांगो नाहीतर काहीच नाही खाल्लं सांगो, चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही. "अरे बापरे" एकदा तोंडातून गेलं की पुढचं सगळं तुम्हाला आवडेल असं सांगितलं जातं. सल्ला त्या बैठकीत द्यायचा नाही, कितीही जीव तळमळला तरी.

आता तुमचं स्वतःचं ताट

पहिल्या सेमिस्टरला हिमोग्लोबिनचं प्रॅक्टिकल झालं. एकमेकींचं रक्त काढलं, तपासलं, माझं ९.६ आलं. बायकांमध्ये, गरोदर नसताना, १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, हे मी आदल्याच आठवड्यात परीक्षेत लिहिलं होतं. वर्गात अजून पुष्कळ जणी १२ च्या खाली निघाल्या. एनएफएचएस-५, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीमध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका ॲनिमिक निघाल्यात, तो आकडा मी पाठ केला होता पण त्यात मी आहे हे डोक्यात आलं नव्हतं. दम लागायचा, लेक्चरला झोप यायची, मी म्हणायचे मुंबईच्या लोकलने थकवा येतो.

तेव्हा पहिल्या महिन्यातच विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरला जाऊन हिमोग्लोबिन करून घ्या, प्रॅक्टिकलची वाट बघू नका. कमी आलं तर डॉक्टरांना दाखवा, पाळीला जास्त जात असेल तर तेही न लाजता सांगा कारण मूळ दुखणं तिथेही असू शकतं, आणि लोहाच्या गोळ्या त्यांनी सांगितल्याप्रमाणेच घ्या, आपण न्यूट्रिशनच्या आहोत म्हणून स्वतःच्या मनाने डोस ठरवायचा नाही.

खाण्याचं बघा, बायकांसाठी लोहाचा आरडीए दिवसाला २९ मिलिग्रॅम आहे. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात, म्हणजे साधारण दोन मध्यम भाकऱ्यांत, ६.४ मिलिग्रॅम. म्हणजे एका जेवणावर भागत नाही, दिवसभर थोडं थोडं जमवावं लागतं. होस्टेलच्या खोलीत गॅस चालत नाही पण मटकी भिजवायला आणि फडक्यात बांधायला गॅस लागत नाही. मोड आलेली मटकी, कांदा, टोमॅटो, वरून लिंबू. भाजलेले चणे आणि शेंगदाणे डब्यात भरून बॅगेत ठेवा, वडापावचे पैसे वाचतात. पेरूच्या सीझनला रोज एक पेरू जेवणासोबत खा, त्याच्या १०० ग्रॅममध्ये व्हिटॅमिन सी २०० मिलिग्रॅमच्या वर असतं आणि डाळी-धान्यातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. चहा जेवणाला चिकटून नको, तासभर तरी अंतर ठेवा. हे सगळं आपण पेशंटला सांगणार आहोतच, आधी स्वतः करून बघा, काय जमतं आणि काय जमत नाही ते कळतं आणि मग पेशंटला सांगताना आवाजात फरक पडतो.

आमच्या मेसला नाश्ता साडेआठला सुरू व्हायचा आणि प्रॅक्टिकल साडेआठलाच असायचं, वर्षानुवर्षं तसंच चाललेलं. आम्ही बावीस जणींनी सह्या करून रेक्टर मॅडमना अर्ज दिला, सोबत टाइमटेबल जोडलं, पोहे-उपमा साडेसातला मिळाला तरी चालेल असं लिहिलं. पंधरा दिवसांत वेळ बदलली. एकटीने जाऊन कुरकुर केली असती तर काही झालं नसतं, त्यामुळे अर्ज लेखी द्या, सगळ्यांच्या सह्यांचा द्या, आणि नेमकं काय हवंय ते एका ओळीत लिहा.

वजन हा विषय

हे लिहायला जड जातंय पण लिहिणं गरजेचं आहे. अँथ्रोपोमेट्रीच्या प्रॅक्टिकलला एकमेकींची उंची, वजन, दंडाचा घेर, कॅलिपरने कातडीची जाडी, सगळं मोजतात. मी बघितलेल्या एका ठिकाणी सगळ्यांचे बीएमआय नावासकट फळ्यावर लिहिले गेले, आणि त्यानंतर एका मुलीने वर्गात डबा उघडणंच बंद केलं. तुमच्याकडे असं होणार असेल तर आधीच मॅडमकडे जाऊन सांगा की नावाऐवजी नंबर वापरूया आणि मोजणं पडद्याआड करूया. बहुतेक मॅडम लगेच ऐकतात, त्यांच्या लक्षात आलेलं नसतं इतकंच. शिवाय हीच शिस्त पुढे फील्डवर पाळायची असते, गावातल्या बाईचं वजन आपण दहा जणांसमोर मोठ्याने वाचत नाही.

या कोर्सला येणाऱ्या काही मुली मुळातच खाण्याच्या आणि वजनाच्या काळजीतून आलेल्या असतात, आणि इथे रोज कॅलरी मोजायचं शिक्षण मिळतं, त्यात घरच्यांचं बोलणं, "डायटिशियन होणार आणि अशी दिसते?" हा प्रश्न जाड मुलीलाही विचारतात आणि बारीक मुलीलाही. तुमची रूममेट प्रत्येक घासाचा हिशोब करत असेल, सगळ्यांसोबत जेवायचं टाळत असेल, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बाहेर येत नसेल, पाळी थांबली असेल, उभं राहताना चक्कर येत असेल तर ते डाएटिंग म्हणून सोडून देऊ नका. तिच्याशी एकांतात बोला. वजनाचा विषय काढू नका, कसं खावं हे शिकवू नका, नुसतं म्हणा "तू आजकाल जेवत नाहीस, मला काळजी वाटते, मी सोबत येऊ का काउन्सेलरकडे." डिपार्टमेंटला नाहीतर विद्यापीठाला काउन्सेलर असतात. ते मिळेपर्यंत टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. चक्कर येऊन पडली तर मात्र फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटल. आणि हे सगळं तुमच्या स्वतःच्या बाबतीत होत असेल तर हेच सगळं तुम्हालाही लागू आहे, एका मैत्रिणीला तरी आजच सांगा.

एकमेकींवर डाएट प्लॅनचे प्रयोग करू नका. पहिल्या वर्षाला हात शिवशिवतात, कीटो करून बघू, नुसत्या ज्यूसवर राहू. नका.

रॅगिंग झालं तर यूजीसीचा टोल फ्री नंबर १८००-१८०-५५२२. छेडछाड, घाणेरडं बोलणं, गाइडने वेळी-अवेळी घरी बोलावणं असलं काही असेल तर विद्यापीठाच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करावी लागते, म्हणून तारखा आणि मेसेज जपून ठेवा.

पैसे

महाडीबीटीचा फॉर्म सुरू झाला की पहिल्या आठवड्यात भरा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून घरून निघतानाच काढून आणा, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, गॅप असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते तपासा, कितीतरी मुलींचे पैसे फक्त यावर अडकतात. फीसाठी राजर्षी शाहू महाराज योजना, राहण्याच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्. प्रत्येकीचे नियम वेगळे आणि दरवर्षी काही ना काही बदलतं, त्यामुळे तुमच्या कोर्सला कुठली लागू आहे ते स्कॉलरशिपच्या क्लार्ककडे प्रत्यक्ष जाऊन विचारा. फॉर्म भरला की काम संपलं असं नाही, कॉलेजच्या लॉगिनमधून तो पुढे गेला का ते दर पंधरा दिवसांनी बघत राहा. बऱ्याच विद्यापीठांत कमवा आणि शिका आहे, लायब्ररीत नाहीतर ऑफिसात रोज काही तास काम मिळतं, त्यात कमीपणा काही नाही, मी लायब्ररीत केलंय आणि जर्नल्स कुठे असतात ते मला वर्गात सगळ्यात आधी कळलं.

एक छुपा खर्च म्हणजे कुकिंगच्या प्रॅक्टिकलचं सामान. प्रत्येकीने वेगळं चीज, वेगळं ओट्स आणायची गरज नाही, चौघींचा गट करून वाटून आणा. आणि रेसिपी निवडायची मोकळीक असेल तर महागडं काही करण्यापेक्षा नाचणीचं सत्त्व, ज्वारीच्या कण्या, शेवग्याच्या पाल्याची भाजी असलं घ्या. नाचणीत १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, मार्कही मिळतात आणि पैसेही वाचतात.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले दोन महिने बायोकेमिस्ट्री डोक्यावरून जाते. रोज दहा शब्द वहीत, समोर आपल्या भाषेत अर्थ, आणि एक छोटी आकृती. इंग्रजी माध्यमातली एक मैत्रीण धरा, ती तुम्हाला ग्लायकोलिसिस वाचून दाखवेल आणि तुम्ही तिला फील्डवर मराठी बोलायला शिकवा, ही देवाणघेवाण मस्त चालते. कारण वॉर्डात गेल्यावर पारडं फिरतं. पेशंट म्हणतो "मला साखर आहे", म्हणजे डायबेटिस. "अंगात रक्त नाही", "पित्त खवळलं", "पोटात गुबारा धरतो", "पथ्य काय पाळू?" पथ्य हा शब्द ज्या इंटर्नला वापरता येतो तिचं पेशंट ऐकतात, डाएट म्हटलं की त्यांना वाटतं उपाशी ठेवणार. काय खाऊ नका याच्या आधी काय खा ते सांगायचं, तेही भाकरी, वरण, ताक, कढण, पेज या शब्दांत.

इंटर्नशिप

बंद आणि सपाट बूट घ्या, ट्रे लागताना तासन्‌तास उभं राहावं लागतं. वॉर्डात शिरलं की आधी सिस्टरना भेटा, त्यांना पेशंटबद्दल फाइलपेक्षा जास्त माहीत असतं, कालचं जेवण खरंच खाल्लं की नातेवाइकाने खाल्लं हे त्याच सांगतात. मग फाइल वाचा, निदान, क्रिएटिनिन, पोटॅशियम, शुगर, आणि मगच पेशंटकडे जा. नळीतून फीड चालू असेल तर आपल्या मनाने काहीही बदलायचं नाही, पाच मिली सुद्धा नाही, सीनियरला विचारायचं.

पुस्तकातला नियम इथे उलटा झालेला दिसेल तेव्हा गोंधळू नका. बाहेर आपण सगळ्यांना सांगतो भाजी उकळलेलं पाणी फेकू नका, आणि किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम वाढलेलं असेल तर चिरलेली भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायला सांगतो. रोज रात्री एका पेशंटबद्दल अर्धं पान लिहा, नाव न लिहिता. सहा महिन्यांनी इंटरव्ह्यूला तेच बोलाल.

पुढचं थोडक्यात सांगते. शिकवायचं असेल तर नेट, विषय होम सायन्स. हॉस्पिटलला जायचं असेल तर इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियनची परीक्षा, त्यासाठी इंटर्नशिपचं सर्टिफिकेट लागतं, तारखांसकट नीट घ्या. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्यात आता डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्टही आलेत, त्यामुळे नोंदणीच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

डेझर्टेशन

प्रबंधासाठी गाइड ठरली की पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारा, दर किती दिवसांनी भेटायचं, दुरुस्त्या कागदावर की मेलवर, आणि त्या सुट्टीवर कधी आहेत. प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं ते चार ओळींत मेल करून ठेवा. विषय असा घ्या की जिथे तुम्ही स्वतः एसटीने जाऊन माणसं गाठू शकाल, परदेशी पेपर वाचून ठरवलेला विषय जानेवारीत गळ्याशी येतो. एथिक्स कमिटीची परवानगी मिळाल्याशिवाय एकही फॉर्म भरायचा नाही, आणि रक्त घेणार असाल तर अजिबात नाही, या परवानगीला वेळ लागतो म्हणून तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच अर्ज टाका. संमतीपत्र मराठीत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायचं, "सही करा" एवढंच म्हणायचं नाही. स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांकडे डेटा गोळा करायच्या आधी जा. मी नंतर गेले, तोपर्यंत प्रश्नावलीत दोन प्रश्न असे होऊन बसले होते की त्यांचं काहीच करता येईना.

आणि डेटा हातात आला की तिथेच संबंध तोडू नका. मी ज्या साठ बायकांचं हिमोग्लोबिन केलं त्यांचे रिपोर्ट सबमिशनच्या घाईत तसेच फाइलमध्ये पडून होते, गाइड मॅडमनी एक दिवस विचारलं, "त्यांना सांगितलंस का?" मग प्रत्येकीची मराठीत चिठ्ठी केली, आकडा काय आला, तो किती हवा, कुठल्या आरोग्य केंद्रात कुठल्या वारी जायचं, आणि आशाताईंना सोबत घेऊन घरोघर दिल्या. दोघींचं ७ च्या खाली होतं, त्यांना आम्ही त्याच दिवशी रिक्षाने सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. तुम्ही ही तारीख डेझर्टेशनच्या टाइमटेबलमध्ये आधीच टाका, रिपोर्ट आल्यापासून आठ दिवसांच्या आत, आणि जायचं ते संध्याकाळी पाचनंतर, त्याआधी बायका रानातून आलेल्या नसतात.